कोमट पाण्याची पाळी

श्रोतेहो, नमस्कार.

चाळीत दिवस काढलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एकच न्हाणीघर. पाच नंबरवाले आत गेलेत. बाहेर थांबलेल्या माणसाच्या मनात एखादं स्वप्न डोकावू बघतंय, पण तळलेल्या कांद्या-बटाट्याचा वास नाकात शिरतोय, बोळात कालचा कचरा कुजतोय. आणि तेवढ्यात पाच नंबर बाहेर पडतो. स्वप्न राहतं बाजूला. निदान कोमट तरी पाणी मिळेल, एवढीच आशा.

ही चाळ आपल्याकडची नव्हे. ती आहे अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या दक्षिण भागातली, आणि हे सगळं आलंय एका छोट्याशा कवितेत. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स. ज्या संग्रहात ती कविता आहे तो १९४५ साली निघाला, आणि त्याच्या नावातच त्यांच्या वस्तीचं नाव आहे, ब्राँझव्हिल.

त्या काळी दक्षिणेतल्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबं रेल्वेनं शिकागोला येत होती. कामधंदा मिळे, घर मिळत नसे. काळ्या माणसाला घर द्यायचं नाही, असे लेखी करार गोऱ्या वस्त्यांतल्या घरमालकांनी आपसांत करून ठेवले होते. मग शहराच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात सगळे कोंबले गेले. मालकांनी मोठ्या घरांचे तुकडे पाडले, एकेका खोलीत एकेक कुटुंब घातलं, आणि भाडं मात्र दामदुप्पट. अशा खोलीला 'किचनेट' म्हणत. ब्रूक्सबाईंनी लग्नानंतर याच खोल्यांत संसार केला. खिडकीतून जे दिसलं ते लिहिलं.

पण श्रोतेहो, मला आज एका बाईच्या प्रतिभेबद्दल बोलायचं नाही. प्रतिभा अनेक वस्त्यांत जन्मते आणि तिथंच विझते. शिकागोत ती विझली नाही, कारण त्या लोकांनी कवितेसाठी जागा उभ्या केल्या. अगदी शब्दशः जागा. टेबल, खुर्ची, भिंत, छपाईचं यंत्र.

१९३२ साली या वस्तीत एक सार्वजनिक ग्रंथालय उघडलं. ग्रंथपाल होत्या व्हिव्हियन हार्श, शिकागोच्या ग्रंथालयांतल्या पहिल्या कृष्णवर्णीय शाखाप्रमुख. काळ्या लेखकांची पुस्तकं, पत्रं, कात्रणं त्यांनी चिकाटीनं जमवली. लँग्स्टन ह्यूजसारखे कवी तिथं येत, वाचत, बोलत. आज तो संग्रह हार्शबाईंच्याच नावानं ओळखला जातो. 'शिकागो डिफेंडर' हे वर्तमानपत्र १९०५ पासून होतंच. रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत काम करणारे काळे पोर्टर त्याचे गठ्ठे दक्षिणेत पोचवायचे. कोवळ्या वयातल्या ब्रूक्सबाईंच्या कविता याच पत्रानं छापल्या. आणि मिशिगन अॅव्हेन्यूवर एका जुन्या वाड्यात १९४० साली साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर सुरू झालं. तिथं १९४१ मध्ये कवितेचा वर्ग भरायचा. शिकवायला येत इनेझ कनिंगहॅम स्टार्क, एक श्रीमंत गोरी बाई. तिच्या वर्गात कौतुकाची खिरापत नव्हती. विद्यार्थी एकमेकांच्या ओळी सोलून काढायचे. ब्रूक्सबाई त्याच वर्गातल्या.

१९५० साली त्यांना पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. बातमी कळली तेव्हा घरात अंधार होता. पैसे भरले नव्हते म्हणून वीज तोडलेली! दुसऱ्या दिवशी फोटोग्राफर आले. त्यांनी प्लग लावायला घेतला तेव्हा बाईंचा जीव टांगणीला लागला. पण दिवे लागले.

इथवरची गोष्ट मोठ्या कवयित्रीची. मला त्या खऱ्या मोठ्या वाटतात त्या याच्या पुढं, १९६७ पासून. पन्नाशीला टेकलेल्या ब्रूक्सबाई नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात एका लेखक-परिषदेला गेल्या. तिथल्या तरुण काळ्या कवींचा आवेश त्यांना नवा होता. आपल्याला अजून पुष्कळ शिकायचंय, हे त्यांनी उघड कबूल केलं. एवढा मोठा सन्मान पदरी असताना पोराटोरांसमोर विद्यार्थी होऊन बसायला काळीज लागतं. शिकागोला परतल्यावर त्यांनी ब्लॅकस्टोन रेंजर्स या टोळीतल्या मुलांसाठी कवितेचा वर्ग घेतला. पुढं तरुण कवी त्यांच्या घरीच जमू लागले. एकदा ही मंडळी थेट दारूच्या गुत्त्यात शिरली आणि पेले हातात घेऊन बसलेल्या लोकांना कविता ऐकवू लागली. लोकांनी ऐकलं.

त्याच वर्षी, त्याच तरुणांपैकी हाकी मधुबुती यांनी कॅरोलिन रॉजर्स आणि जोहारी अमिनी यांच्या साथीनं 'थर्ड वर्ल्ड प्रेस' हे प्रकाशन काढलं. भांडवल ४०० डॉलर, प्रती काढायचं एक वापरलेलं सायक्लोस्टाइल यंत्र, आणि जागा म्हणजे तळघरातलं घर. ज्यांनी सायक्लोस्टाइल चालवलंय त्यांना ठाऊक आहे, स्टेन्सिल फाटली की पान पुन्हा पहिल्यापासून, आणि बोटांची शाई दोन दिवस जात नाही. आपल्या लघुअनियतकालिकांचीही तीच शाई. तर अशा काळ्या मालकीच्या छोट्या प्रकाशनांकडे ब्रूक्सबाई आपली नवी पुस्तकं घेऊन आल्या, न्यूयॉर्कचा बडा प्रकाशक सोडून. पैसा कमी, वितरण कमी. तरी आल्या. शहराच्या साहित्याचा वारसा म्हणतात तो मला या एका निर्णयात दिसतो. थर्ड वर्ल्ड प्रेसनं पन्नाशी कधीच ओलांडली.

आणि पुन्हा १९६७च. त्रेचाळिसाव्या रस्त्यावरच्या एका मोडकळीला आलेल्या इमारतीवर चित्रकारांनी 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' रंगवली. काळ्या वीरांचे, गायकांचे, लेखकांचे चेहरे, त्यांत ब्रूक्सबाईंचाही. त्या भिंतीविषयी त्यांनी लिहिलेली कविता तिथं जमलेल्या वस्तीसमोर वाचली गेली. भिंत पुढं पाच वर्षंही टिकली नाही. आग लागली, पाडली गेली.

आपला या लोकांशी धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७२ साली मुंबईत तरुण दलित लेखकांनी संघटना काढली तेव्हा अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून तिचं नाव ठेवलं, दलित पँथर. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार, हे सगळे हाडाचे लेखक. आणि त्याआधीच औरंगाबादेत डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आल्यावर कृष्णवर्णीयांच्या साहित्याविषयी तळमळीनं बोलत होते.

ब्रूक्सबाई १९६८ पासून इलिनॉय राज्याच्या राजकवी होत्या, थेट २००० साली डोळे मिटेपर्यंत. बत्तीस वर्षं. शाळकरी मुलांच्या कवितांना त्या बक्षिसं देत, ती स्वतःच्या खिशातून. तुरुंगांत गेल्या, शाळांत गेल्या, मुलांची पत्रं वाचत राहिल्या. २०१८ साली त्यांच्या नावाच्या बागेत त्यांचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला.

मिशिगन अॅव्हेन्यूवरचा तो वाडा अजून उभा आहे. आत लाकडी फळ्यांच्या भिंती आहेत. इतक्या वर्षांत तिथं टांगलेल्या चित्रांच्या खिळ्यांची भोकं त्या फळ्यांवर जागोजाग दिसतात. ती कुणी बुजवली नाहीत.

नमस्कार.