शास्त्रीजींचा प्रश्न आणि सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज

[दृश्य: सेवाग्राम, कस्तुरबा रुग्णालय. सकाळची ओपीडी.]

केसपेपर काढायला रांग लागली आहे. कुणी यवतमाळचं, कुणी चंद्रपूरचं, कुणी थेट तेलंगणातून आलेलं. याच आवारात महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. संस्थापक म्हणून नाव घेतलं जातं डॉ. सुशीला नायर यांचं, आणि ते रास्तच आहे. इथली माणसं त्यांना बडी बहनजी म्हणत.

पण या कॉलेजच्या जन्मकथेत आणखी एक माणूस आहे. लालबहादूर शास्त्री.

[दृश्य: शास्त्रीजींची कृष्णधवल छायाचित्रं.]

9 जून 1964 रोजी शास्त्रीजी पंतप्रधान झाले. सुशीला नायर त्यांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री होत्या. देशातली दहांपैकी आठ माणसं तेव्हा खेड्यात राहत, आणि डॉक्टर घडत शहरात. शहरात शिकलेला डॉक्टर पाटीही शहरातच लावी. शास्त्रीजींनी आरोग्यमंत्र्यांपुढे एक विचार ठेवला : एखादं मेडिकल कॉलेज खेड्यातच का काढू नये? शिकता शिकताच डॉक्टरला गावाची दुखणी कळतील.

शास्त्रीजींची ही रीतच होती. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ते गुजरातेत आणंदला गेले होते. कार्यक्रम पशुखाद्य कारखान्याच्या उद्घाटनाचा. पण आदली रात्र त्यांनी अजरपुरा गावात एका शेतकऱ्याच्या घरी काढली. दुधाचा पैसा कुणाच्या हाती पडतो, सोसायटी कशी चालते, हे त्यांनी गावकऱ्यांनाच विचारलं. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ उभं राहिलं, तेही दिल्लीत नव्हे, आणंदला. जिथलं काम, तिथेच संस्था. सेवाग्रामच्या कॉलेजमागेही हाच विचार आहे, असं आम्हाला वाटतं.

अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर 1956 साली त्यांनी दिलेला राजीनामा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या बऱ्याच आधीची एक आठवण त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. स्वातंत्र्यलढ्यात ते तुरुंगात असताना मुलगी अत्यवस्थ झाली. पंधरा दिवसांची सुटका मिळाली, पण ते घरी पोचण्याआधीच लेक गेली होती. अंत्यसंस्कार उरकून, मुदत शिल्लक असतानाही, ते आपणहून तुरुंगात परतले. घरातलं आजारपण आणि हातात पैसा नसणं या माणसाने सोसलं होतं. गावाला डॉक्टर हवा, हे त्यांना कुणी अहवालातून पटवून द्यायची गरज नव्हती.

[दृश्य: आश्रमातली बापू कुटी, तिथून दवाखान्याच्या जुन्या इमारतीकडे.]

प्रश्न पोचला तोही योग्य माणसाकडे. सुशीलाबहन गांधीजींच्या डॉक्टर. 22 फेब्रुवारी 1944 रोजी पुण्यात आगाखान पॅलेसच्या कैदेत कस्तुरबा गेल्या, तेव्हा त्या तिथेच होत्या. कस्तुरबांच्या पाठोपाठ सेवाग्रामात बिर्लांच्या अतिथीगृहात बायामुलांसाठी पंधरा खाटांचा दवाखाना सुरू झाला. गांधीजींनी स्वतः सुरू केलेला दवाखाना. खेड्यातल्या मेडिकल कॉलेजसाठी दुसरी जागा शोधायची गरजच पडली नाही.

1964 मध्येच कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली. खर्चाची वाटणी अशी ठरली : निम्मा वाटा केंद्राचा, चौथाई महाराष्ट्र सरकारचा, उरलेली चौथाई सोसायटीची. ही शेवटची चौथाई उभी करायला बडी बहनजींना आयुष्यभर दारोदार फिरावं लागलं. 2001 साली सेवाग्रामातच त्यांनी देह ठेवला.

शास्त्रीजींनी मात्र हे कॉलेज पाहिलं नाही. 11 जानेवारी 1966 रोजी ताश्कंदमध्ये ते गेले. पहिली तुकडी वर्गात बसली ती त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळाने.

[दृश्य: खादीतले विद्यार्थी, आश्रमात सफाई; नंतर गावातल्या ओसरीवर.]

इथे प्रवेश घेतलेली मुलं आधी पंधरा दिवस आश्रमात राहतात. पहाटेची प्रार्थना, श्रमदान, सूतकताई, अंगावर खादी. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. एकेका विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं सोपवलेली असतात. कुणाच्या घरी संडास नाही, कुणाची सून गरोदर आहे, कुणाच्या आजोबांचा बीपी वाढलाय, हे त्याला माहीत असावं लागतं. रोगी वॉर्डात येण्याआधी कुठे आणि कसा राहतो, ते विद्यार्थी असा डोळ्यांनी पाहतो. आमच्या मते या कॉलेजची सगळ्यात मोठी कमाई हीच. पुढे संस्थेने आणखी एक अट घातली : पदव्युत्तर शिक्षणाला यायचं, तर आधी दोन वर्षं ग्रामीण भागात सेवा.

आणि गावांनीही आपला वाटा उचलला. आसपासच्या खेड्यांत आरोग्य विम्याचा हप्ता ज्वारीच्या रूपाने भरला जाऊ लागला. सुगी झाली की ज्वारी गोळा व्हायची. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त द्यायची, मजुराने थोडकी. दुखणं आलं की दोघांनाही सेवाग्रामच्या दवाखान्यात सारखीच वागणूक.