ऑक्सनार्डच्या भावांचा अंक

(दृश्य: स्ट्रॉबेरीची शेतं, मागे समुद्र. मग एका जुन्या अंकाचं कृष्णधवल पान.)

लॉस एंजेलिसच्या वायव्येला, पॅसिफिकच्या काठी ऑक्सनार्ड. लिंबाच्या बागा, स्ट्रॉबेरीची शेतं आणि त्यात राबणारी मेक्सिकन वंशाची कुटुंबं. इथल्या हर्नांडेझांच्या घरात सहा भावंडं कॉमिक्स वाचत वाढली. आईचं स्वतःचं लहानपणच कॉमिक्समध्ये गेलेलं, त्यामुळे पुस्तकं लपवायचा प्रश्न नव्हता.

1981 साली मारिओ, गिल्बर्ट आणि हायमे या तिघा भावांनी एक अंक काढला. स्वतः काढला, स्वतः छापून आणला. नाव 'लव्ह अँड रॉकेट्स'. तेव्हा ऑक्सनार्डमध्ये पंक संगीताचं वारं होतं. तीन सूर वाजवता आले की बँड काढायचा, कुणाची परवानगी मागायची नाही. हायमे या मैफलींची पत्रकं रंगवायचा. अंकामागचा हट्टही तोच. साठच्या दशकात मुंबईतल्या कवींनी सायक्लोस्टाइल करून अनियतकालिकं काढली, ती काही वेगळ्या हट्टाने नव्हे.

(दृश्य: पाकीट, टपालाचे शिक्के.)

एक प्रत त्यांनी 'द कॉमिक्स जर्नल' या समीक्षेच्या मासिकाकडे धाडली. तिथली परीक्षणं सालटी काढणारी म्हणून प्रसिद्ध. निदान शिव्या तरी छापून येतील! पण संपादक गॅरी ग्रोथने उलट विचारलं, हे मी छापू का? 1982 पासून त्याच्या फॅन्टाग्राफिक्स या प्रकाशनसंस्थेने अंक हाती घेतला आणि आजही तीच संस्था तो काढते.

(दृश्य: हायमेचं एक पान, अगदी जवळून.)

हे पान थांबून बघा. हायमेची नायिका मॅगी, तिचे केस म्हणजे शाईचा सलग काळा डाग. मागची भिंत कोरी. मध्ये करडी छटा नाही, रेघांची जाळी नाही. खांदा किंचित झुकलाय, तेवढ्यावरून कळतं की बाईंचं आज कामावर काहीतरी बिनसलंय.

ही मॅगी सुरुवातीला रॉकेटं दुरुस्त करणारी मेकॅनिक होती. आजूबाजूला डायनासोरसुद्धा. हळूहळू रॉकेटं मागे पडली. उरलं ते थकलेलं भाडं, सुटलेली नोकरी, आणि होपी नावाची मैत्रीण, जिच्याशी नातं काय हे दोघींनाही धड सांगता येत नाही. गिल्बर्टने दुसरीकडे पालोमार नावाचं गाव वसवलं, अमेरिकेच्या सीमेच्या दक्षिणेला, नकाशात नसलेलं. तिथे लूबा येते, लोकांना अंघोळ घालायचा धंदा मांडते आणि आधीपासून तोच धंदा करणाऱ्या चेलोशी तिचं वाजतं. सुपरहिरोंनी भरलेल्या बाजारात हे असलं कोण वाचणार? वाचलं लोकांनी. इंग्लंडमधल्या एका बँडने तर अंकाचं नावच उचललं.

1996 मध्ये पन्नासावा अंक आला आणि भावांनी दुकान बंद केलं.

म्हणजे पाटी उतरवली, एवढंच. मॅगी हायमेच्या वेगळ्या अंकांत येत राहिली, लूबा गिल्बर्टच्या. म्हणून 2001 साली दोघं पुन्हा एका मुखपृष्ठाखाली आले तेव्हा धूळ झटकायची वेळ आली नाही. आकार मात्र बदलला: आधी मासिकाएवढा असलेला अंक आता नेहमीच्या कॉमिकएवढा झाला. 2008 पासून वर्षाला एक, शंभर पानी पुस्तक. 2016 मध्ये पुन्हा मासिकाचा आकार. मारिओ अधूनमधून डोकावतो. भार या दोघांवर.

मला विचाराल तर अंक टिकला तो पात्रांना म्हातारं होऊ दिल्यामुळे. मॅगी विशीच्या आतबाहेरची होती. आज ती मध्यमवयीन आहे, अंगाने सुटलेली, आणि हायमे ते लपवत नाही.

(दृश्य: 2011 च्या पुस्तकातली समोरासमोरची दोन पानं.)

इथे मॅगी आणि तिचा जुना प्रियकर रे. छोट्या चौकटी, प्रत्येकीत वेगळं वय. तीस वर्षं सोबत असलेल्या वाचकाला यातले कितीतरी क्षण आठवतात, कारण ते घडले तेव्हा तो हजर होता. असं पान पहिल्या वर्षी काढताच येत नाही, मग हात कितीही चांगला असो.

नव्या वाचकाने मात्र पहिल्या अंकापासून सुरुवात करू नये. तिथे डायनासोर फार आहेत. आधी पालोमारला जा, मॅगीकडे नंतर.