मेंढा-लेखा: 'नाही' म्हणणाऱ्यासाठी थांबणारं गाव

(फाट्यावरून गावात शिरतानाचा शॉट)

गडचिरोलीहून धानोऱ्याकडं निघालं की तीसेक किलोमीटरवर मेंढा-लेखा. शंभरेक घरांचं गोंड गाव. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा ऐकली असेल ना तुम्ही? ती याच गावची. गोंडीत म्हणतात, मावा नाटे मावा राज.

(ग्रामसभा, वाइड शॉट)

आता ही बैठक बघा. सगळे जमिनीवर, बायाही, म्हातारेही. गावचे नेते देवाजी तोफा यांचं नाव बाहेर एवढं मोठं, आम्हीही त्यांचं नाव ऐकूनच आलो होतो खरं तर, पण इथं हात आपटून 'मी सांगतो' म्हणायची सोयच नाहीये. मतदान नाही, बहुमत नाही. एकानं जरी म्हटलं मला पटलं नाही, तर विषय तिथंच थांबतो, त्याला काय खटकतंय ते ऐकायचं, पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं, महिना जाऊ दे नाहीतर वर्ष. आपल्या सोसायटीच्या मीटिंगला हा नियम लावला तर लिफ्टचं रिपेअरिंगसुद्धा व्हायचं नाही. पण इथं ठरलेलं सगळे पाळतात, कारण हरलेलं असं कोणी उरतच नाही.

शिवाय वेगळा अभ्यास गट आहे. कायदा समजून घ्यायचा, बाहेरचे जाणकार बोलवायचे, हवा तेवढा वाद घालायचा, फक्त निर्णय तिथं करायचा नाही. निर्णय ग्रामसभेचाच. जाणकार कितीही मोठा असो, त्याचं काम माहिती देण्यापुरतं.

(बांबूचं बेट, पात्यांचा क्लोजअप, मग तोडलेल्या बांबूचा ढीग)

ही सगळी कसोटी लागली ती बांबूवर. वनहक्क कायदा 2006 चा, त्याखाली 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. कागद मिळाला, पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागायचा, तो वनखात्याच्या हातात होता, आणि तेव्हा खात्याच्या लेखी बांबू म्हणजे झाड. बांबू गवत आहे हो! शास्त्र तेच सांगतं, पण 1927 चा भारतीय वन कायदा तेव्हा त्याला झाडातच धरायचा. मग गाव पत्रं लिहीत राहिलं, हक्क मागत राहिलं. शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्रातले पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक देवाजींच्या हातात दिलं. हातात देवाजींच्या, पण परवाना ग्रामसभेचा. आमच्या मते सगळी गोष्ट या एका फरकात आहे, त्या दिवशी ते पुस्तक खिशात घालून पुढारी होणं काही अवघड नव्हतं.

बांबू विकला गेला, गावाच्या हातात पैसा आला, 2013 मध्ये तर लोकांनी आपापली जमीनही ग्रामदानात, म्हणजे मालकी गावाच्या नावे करून, ग्रामसभेकडं दिली.

(पुन्हा बैठक, संध्याकाळचा उजेड)

आम्ही होतो त्या दिवशी एका काकांना एक मुद्दा पटला नव्हता. कोणी चिडलं नाही, कोणी समजूतही घातली नाही. विषय पुढच्या बैठकीवर. लोक उठले, चटया झटकल्या, आणि आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली.