पाच साक्षीदार आणि एक फितूर

(सांगलीत शिक्षक आणि दहावीच्या मुलांसमोर झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, हळदीच्या गावात बोलायचं, तर हळदीपासूनच सुरुवात करतो. समजा, सौद्याला आज एक हळकुंड ठेवलं. उद्या दोन, परवा चार, असं रोज दुप्पट. बत्तीस वेळा दुप्पट केलं की ४,२९,४९,६७,२९६ हळकुंडं होतात. त्यात आणखी एक टाका. झाली आजची आपली संख्या : चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव.

ती गाजली एका चुकलेल्या अंदाजामुळे. फर्मा हा फ्रान्समधल्या तुलूजच्या कोर्टातला अधिकारी, गणित फावल्या वेळात करायचा. दोनाचे घात घ्यायचे, घातांक १, २, ४, ८, १६ असे दुप्पट होत जाणारे, आणि दर वेळी वर एक मिळवायचा. येतात ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या! पुढच्याही मूळच असणार, असं त्याने १६४० साली पत्रात कळवलं. पाच साक्षीदार एका सुरात बोलल्यावर कोर्टातल्या माणसाला आणखी काय हवं? सहावी आपली.

तिचं वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित वर. तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. एकेकीने भागत बसलात तर दिवाळीची सुट्टी संपेल. १७३२ साली ऑयलर या स्विस गणितज्ञाने फितूर पकडला : आपल्या संख्येला नेमकं भागणारी ६४१. तिला भागणारी प्रत्येक मूळ संख्या ६४ च्या पटीत एक मिळवूनच येते, हे त्यानेच पुढे सिद्ध केलं. मग तपासायचं काय, तर १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या फटक्याला काम फत्ते!

मागच्या बाकांवर भडंगाचा पुडा फिरतोय, तो दोन मिनिटं थांबवा. इथे नीट बघा. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८, अधिक १. आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६, पाचाचा चौथा घात अधिक दोनाचा चौथा घात. ६४० ला ६४१ ने भागलं तर बाकी उणे एक धरता येते. ६४० च्या चौथ्या घाताची मग अधिक एक. हा चौथा घात म्हणजे पाचाचा चौथा घात गुणिले दोनाचा अठ्ठाविसावा. ६४१ ने भागून उरणारी बाकी मोजताना पाचाच्या चौथ्या घाताऐवजी उणे सोळा चालतात. म्हणजे दोनाच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे एक. त्यात एक मिळवला की शून्य! भागाकार ६७००४१७, आणि तो स्वतः मूळ.

मला मात्र तिची शेजारीण जास्त आवडते. दोन वजा करा : ४,२९,४९,६७,२९५. ही त्या पाच साक्षीदारांचा गुणाकार आहे, ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. म्हणजे आपल्या संख्येला त्यातल्या कुणीही भागलं तरी बाकी दोनच. मघाशी २५७ ने भागलं, ते उगाचच.

सहावा साक्षीदार अजून मिळालेला नाही. सहावीपासून तेहतिसावीपर्यंत सगळ्या संयुक्त निघाल्या. चौतिसावीचं अजून कुणालाच ठाऊक नाही. नुसती लिहायची तरी सुमारे २५८ कोटी अंक लागतात.