परतीचा रस्ता

नमस्कार श्रोतेहो.

1 मे 2019 ची दुपार आठवा. गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून जास्त वाहनं नक्षलवाद्यांनी पहाटेच्या अंधारात जाळली होती. तिकडे निघालेल्या शीघ्र प्रतिसाद पथकाचं खासगी वाहन जांभूरखेड्याजवळ, लेंढारी नाल्यापाशी, भूसुरुंगानं उडवलं. 15 जवान आणि वाहनचालक असे 16 जण गेले.

या घटनेत स्फोटकांपेक्षा त्याआधीच्या जाळपोळीकडे नीट पाहायला हवं. वाहनं जळाली की पोलीस येणार, लवकर येणार, आणि कुरखेड्याहून येणारा सोयीचा रस्ता एकच, एवढं ठाऊक असलं की सुरुंग पेरणाऱ्याला जागा शोधत फिरावं लागत नाही.

पुढच्या दोन घटनाही भूसुरुंगाच्याच, पण छत्तीसगडच्या. 26 एप्रिल 2023 ला दंतेवाड्यात अरनपूरजवळ जिल्हा राखीव दलाचे 10 जवान आणि चालक मारले गेले. 6 जानेवारी 2025 ला विजापूर जिल्ह्यात कुटरू रस्त्यावर त्याच दलाचे 8 जवान आणि चालक. दोन्ही वेळी पथक मोहीम आटोपून परत येत होतं, आणि दोन्ही वेळी साध्या वाहनातून. जंगलात ही मुलं पायी, पायवाट टाळून, आडरानातून चालतात. मोहीम संपली की पाय सुजलेले, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या, आणि समोर डांबरी रस्त्यावर गाडी उभी. पायी चालण्याचा नियम तिथे मोडतो. थकवा हे कारण कोणत्याही चौकशी अहवालात छोटंच दिसतं. माझ्या मते ते पहिल्या ओळीत यायला हवं.

मग चिलखती गाड्या का देत नाहीत, असं कुणीही विचारेल. दिल्या आहेत. भूसुरुंगरोधक वाहनाचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो, त्यामुळे स्फोटाचा झोत दोन्ही बाजूंना फाकतो. गाडी जमिनीपासून उंच ठेवतात, कारण अंतर वाढलं की धक्का झपाट्यानं कमी होतो. या जातीच्या गाड्यांचा एक जुना नमुना म्हणजे दक्षिण आफ्रिकेची कॅस्पिर. ती चाकाखाली 21 किलो आणि पोटाखाली 14 किलो टीएनटी हे स्फोटक सोसेल अशा हिशेबानं बनवली होती. हा हिशेब सैन्याच्या कारखान्यात बनलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांचा. घरगुती सुरुंगाला असं ठरलेलं वजन नसतं. 13 मार्च 2018 ला सुकमा जिल्ह्यात किस्टारामजवळ असंच वाहन उडालं आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचे 9 जवान गेले.

पत्रा फाटला नाही तरी आतली माणसं वाचतीलच असंही नाही. तळ क्षणभर वर उचलला जातो, तो धक्का टाचेतून गुडघ्यात आणि मणक्यात शिरतो. म्हणून बाकं छताला किंवा भिंतीला टांगलेली असतात आणि पाय थेट तळावर ठेवायचे नसतात. पट्टा न बांधलेला जवान छतावर आपटतो. दारूगोळ्याची पेटी मोकळी असेल तर तीच आतल्या आत गोळ्यासारखी उडते. उकाड्यात पट्टा सोडायचा मोह कुणाला होत नाही? पण ही गाडी पट्टा बांधलेल्या माणसासाठीच बनवलेली आहे.

खरं संरक्षण मिळतं ते रस्ता खुला करणाऱ्या तुकडीकडून, रोड ओपनिंग पार्टीकडून. ही तुकडी नुसती डांबरावरून चालत नाही. दोन फळ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, झाडीच्या आतून, पुढे सरकतात. सुरुंग रस्त्यात असला तरी तो उडवणारा माणूस बाजूला कुठेतरी लपून रस्ता बघत असतो. आधी त्याची जागा हुडकायची. तिसरी, मधली फळी मोऱ्या, रपटे आणि रस्त्याच्या कडेचे खांदे तपासते. मोरीच्या तोंडाशी नवी माती, मुरमाचा वेगळा रंग, डांबराला पडलेलं ठिगळ, पावसानंतर एकाच जागी खचलेली पट्टी, उगाच रचलेले दगड किंवा झाडावरची खूण. यातलं काही दिसलं की थांबायचं आणि बॉम्बशोधक पथकाला बोलवायचं. डिटेक्टर मुरमातल्या लोहखड्यांवर, जुन्या खिळ्यांवर, डब्यांच्या झाकणांवर सारखा वाजतो. दहावेळा खोटा वाजला की अकराव्या वेळी हात आळशी होतो, म्हणून तो धरणारा माणूस ठराविक वेळानं बदलावा लागतो. कुत्र्याचंही तेच. मे महिन्यात धाप लागली की तो तोंडानं श्वास घेऊ लागतो आणि नाकाचं काम मंदावतं. त्याला सावली आणि पाणी द्यावंच लागतं. काम असं चालतं म्हणून तासाला फार तर दोनेक किलोमीटर रस्ता तपासून होतो. वरून घाईचा फोन आला की हा वेग चारपट करता येत नाही. करायचा प्रयत्न केला तर ती तपासणी उरत नाही, फेरफटका होतो.

आणि तपासलेला रस्ता तपासलेला राहतो तो नजर आहे तोवरच. पहारा उठला की दोन तासांनी तोच रस्ता पुन्हा अनोळखी. सकाळी खुला केला म्हणून संध्याकाळी त्याच भरवशावर परतणं ही जुनी आणि महागात पडणारी सवय आहे.

वाहनं वापरावी लागलीच तर दोन गाड्यांत किमान 50 मीटर अंतर ठेवायचं, म्हणजे एका स्फोटात दोन सापडत नाहीत. थांबल्यावर आधी आतूनच पाच मीटरचा परिसर न्याहाळायचा, मग उतरून पंचवीस मीटरपर्यंत. स्फोट झाला तर सगळ्यांनी खड्ड्याकडे धावायचं नाही. मदतीला धावणाऱ्यांसाठी दुसरा सुरुंग किंवा गोळीबार ठेवलेला असू शकतो. आधी कडं करायचं, मग मोजकी माणसं जखमींकडे, तीही पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून. रक्त थांबवण्याची पट्टी प्रत्येकाच्या अंगावर, ठरलेल्या एकाच खिशात हवी. शोधत बसायला वेळ नसतो.

आता गडचिरोलीतल्या, विशेषतः सीमेवरच्या गावांतल्या श्रोत्यांसाठी. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती आणि त्याच्यासोबतच्या 60 जणांनी गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. पेरलेला सुरुंग मात्र शरण येत नाही. शेजारच्या बस्तरमध्ये मोह वेचायला, तेंदूपानं तोडायला गेलेली माणसं अशा सुरुंगांवर पाय पडून मेली आहेत, जायबंदी झाली आहेत. पुरलेला डबा, कुकर, सिलिंडर किंवा जमिनीतून आलेली वायर दिसली तर हात लावू नका, वायर ओढू नका, काठीनं उकरू नका, दगड मारू नका. आल्या पावलांनी मागे फिरा. फोन तिथेच उभं राहून करू नका. बरंच लांब गेल्यावर 112 ला किंवा जवळच्या पोलीस मदत केंद्राला कळवा. जागा सांगताना गावाचं नाव, नाला, मोरी, मोठं झाड अशी खूण द्या, आणि पथक येईपर्यंत गुरं व पोरं त्या वाटेला जाऊ देऊ नका.