आजीने टेराला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं

(दृश्य: भुसावळ, संध्याकाळची वेळ. जुना डब्बा टीव्ही, लांबून मालगाडीचा आवाज.)

आमच्या घरात टीव्हीवर दोघांचा हक्क, माझा आणि आजीचा, आणि आमच्या दोघांच्या वर लोडशेडिंगचा. कार्टून नेटवर्कवर टीन टायटन्स, म्हणजे पोरसवदा सुपरहिरोंच्या टोळीचं कार्टून, लागलं की मी कळण्याची भाकर आणि भरीत घेऊन पुढे, आजी वाती वळत मागे. तिला त्यातलं बोलणं कळायचं नाही, माणसं मात्र बरोब्बर कळायची.

दुसऱ्या सीझनमध्ये टेरा येते. दगडमाती नुसत्या हाताने हलवणारी पिवळ्या केसांची पोरगी, आल्या आल्या फ्रीज रिकामा करते, सगळे खूश, टोळीतला बीस्ट बॉय तर कामातूनच गेला. आजी म्हणे, "खोटी शे ती पोर." मी भांडलो राव तिच्याशी. आणि ती टायटन्सचा दुश्मन स्लेड, त्याला सामील आहे हे जिथे उघड होतं ना, ती आरशांची खोली, नेमकी तिथेच लाईट गेली. अंधारात आजी नुसती हसली.

(दृश्य: कॉमिकची पानं, बोटाने उलटताना.)

ही गोष्ट ज्यावरून घेतली ते कॉमिक हातात आलं ते पार कॉलेजात, पुण्याच्या मामेभावाकडे. मार्व्ह वुल्फमनची गोष्ट, जॉर्ज पेरेझची चित्रं, १९८४ चं द जूडास कॉन्ट्रॅक्ट. इथली टेरा पहिल्या दिवसापासून डेथस्ट्रोकची, म्हणजे त्याच स्लेडची, हेर, डोळ्यातल्या लेन्समध्ये कॅमेरा, टायटन्ससोबत जेवते-खाते आणि तिकडे त्याला सगळं दिसतंय. पस्तावा-बिस्तावा काही नाही, शेवटी रागाच्या भरात स्वतःच उधळलेल्या दगडांखाली गाडली जाते. म्हणजे आजीचंच खरं!

कार्टूनमध्ये डेथस्ट्रोक हे नावच घेत नाहीत, नुसता स्लेड, आणि टेरा त्याच्यावर उलटते, ज्वालामुखी थोपवून शहर वाचवते आणि तिथेच दगडाची होऊन उभी राहते. टायटन्समधला रॉबिन नवं नाव, नवा वेश घेऊन नाइटविंग होतो तो पण याच कॉमिकमध्ये, कार्टूनवाल्यांनी ते एका एपिसोडात भविष्यकाळ म्हणून दाखवून उरकलं, असो.

कार्टूनने गोष्ट पोरांसाठी मऊ केली म्हणतात लोक, मला नाही पटत भो. कॉमिकचा निवेदक काय करतो, ती सोळाच्या जेमतेम पुढची आहे आणि वेडी आहे एवढं सांगून मोकळा होतो (मी पण निवेदकच आहे म्हणा), पण तिला वापरून घेणारा चांगला पांढऱ्या केसांचा बाप्या होता, त्याचं काय? कार्टूनची टेरा घाबरलेली आहे, आपली ताकद हाताबाहेर जाईल म्हणून घाबरलेली, आणि स्लेड बरोबर तिथेच बोट ठेवतो. हे मला जास्त खरं वाटतं.

(दृश्य: ओटा, आजीचे हात, चष्मा.)

सुट्टीत ते कॉमिक घरी आणलं, आजीला शेवटची पानं दाखवली, म्हटलं बघ, तू जिंकली. तिने चष्मा पुसला, त्या दगडाखालच्या पोरीकडे बराच वेळ बघत बसली.

"कितली धाकली पोर शे व माय," म्हणाली, आणि पुस्तक मिटून परत दिलं.