रात्री साडेतीनचा टेम्पो

रात्रीचे साडेतीन. खानापूरहून बेळगावकडं येणारा टेम्पो, मागं स्पीकर, वायरांची भेंडोळी आणि त्यातच मान टाकून झोपलेला ढोलकीवाला. कीबोर्डवाला मात्र जागा. स्टेजवरून उतरून दोन तास झाले तरी डोक्यात अजून गाणी वाजालीत म्हणतो, मग घरी जाऊन एक क्वार्टर, तवा कुठं डोळा लागतो, आणि आठला पोरांचा क्लास.

लग्नसराई, शिवजयंती, गणपती. कमाई एवढ्यातच. आषाढ लागला की सुपारीचे फोन बंद.

असा कोण चाळिशीत गेला की लोक म्हणतात, "दारूनं गेला ओ, कलाकार माणूस." झालं, विषय संपला.

परदेशात गायक-वादक तरुणपणी गेला की २७ व्या वर्षाचा शाप म्हणतात, ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस त्याच वयात गेली ना. २०११ मधे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे मोजून बघितलं तर २७ चं खास असं काय निघालं नाही, पण विशी-तिशीतल्या नामवंत गायक-वादकांना मरणाचा धोका इतरांपेक्षा दोन-तीन पट होता. नंतर २०१६ ला तिथल्याच २,२११ संगीतवाल्यांनी एका सर्व्हेला उत्तरं दिली, शंभरात ७१ जण म्हणाले पॅनिक अटॅक किंवा भयंकर टेन्शन येतं, ६८ जणांनी डिप्रेशन सांगितलं. ज्याला त्रास तोच फॉर्म भरणार, हे धरूनसुद्धा आकडा मोठाच. कारणं विचारली तर बेभरवशाचा पैसा, रात्रीची कामं. म्हणजे आपला टेम्पोच की!

आता सुळेभावी, बेळगावजवळचंच गाव. १९२४ ला इथं शिवपुत्र कोमकली जन्मले, म्हणजे कुमार गंधर्व. ऐन उमेदीत क्षय झाला, १९४८ ला देवासला गेले, पाचेक वर्षं गाणं बंद. पुढं एका फुफ्फुसावर गायले, हा चमत्कार आपण चवीनं सांगतो. पण तोवर क्षयावरचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन आलं होतं, आणि त्यांच्या पत्नी भानुमतीताई शाळेत नोकरी करत होत्या. घरात पगार येत होता म्हणून गप पडून राहता आलं, असं मला वाटतं.

आमच्या कीबोर्डवाल्यानं मनाच्या त्रासावरच्या गोळ्या पंधरा दिवसांत सोडल्या, बोटं जड पडतात म्हणून. धारवाडचं मानसिक आरोग्याचं हॉस्पिटल तसं लांब नाही, पण गेलं की एक दिवस बुडतो. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा फुकटचा नंबर, १४४१६, त्याच्या मोबाईलमधे सेव्ह आहे. 'लाईटबिल' या नावानं.

टेम्पो टिळकवाडीत थांबतो. मोबाईल वाजतो.

"उद्या निपाणी हाय, येतोस न्हवं?"

"येतो की."